साहेबांच्या मशीनची खरखर

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी एकदा चालू केला आणि हार्ड डिस्कची खरखर ऐकून मी मनाने थेट विक्रोळीच्या जुन्या ऑफिसात पोचले.

तिथलं माझं मशीन दिवसभर असंच खरखरायचं आणि काम रखडायचं. आमचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "गेम खेळत बसता, मग मशीन काय करणार?" त्या वर्षी माझी बढती हुकली.

एका दुपारी डबा न उघडता मी एकेक प्रोग्रॅम बंद करत गेले. ईमेलचा बंद केला आणि खरखर थांबली. शोधायला सोपं जावं म्हणून तो सगळे जुने मेल पुन्हा पुन्हा चाळत होता. सेटिंगमधली एक टिकची खूण काढून टाकली आणि मशीन शांत झालं. साहेबांना सांगायला गेले, तर मान वर न करता म्हणाले, "कारणं नकोत."

शेजारच्या टेबलावरची नीता म्हणाली, "त्यांचंपण तसंच वाजतं ना गं?"

"वाजू दे."

बाकी सगळ्यांची मशीन्स मी नीट केली. साहेब मात्र रिटायर होईपर्यंत केबिनमध्ये टेबलावर हात आपटत राहिले आणि बाहेर मला चहा गोड लागत राहिला.

वय झालं की माणूस माफ करतो म्हणतात. माझं अजून तेवढं वय झालेलं नाही.