डकोटांच्या जमिनीवरचं भूमिपूजन

त्या दिवसाची गोष्ट आमच्या लोकांत सांगतात. तीत मी शूर आहे. ती अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी मी इतकी वर्षं टाळली. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो. आता सत्तरी उलटली. आता सांगतो.

"तो नकाशा खाली घ्या. पूजेच्या जागी असलं काही नको."

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांसमोर बोलले. साल २००६. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीजवळ, नदीवरच्या टेकाडावर, मंडळानं देवळासाठी जमीन घेतली होती. त्या दिवशी तिचं भूमिपूजन होतं.

नकाशा मी केला होता. नकाशे करणं हीच माझी नोकरी. उपग्रहातून काढलेली छायाचित्रं त्या सुमाराला घरच्या कंप्युटरवर दिसायला लागली होती. मंडळातला जो तो आपल्या घराचं छप्पर शोधत होता. मी आमच्या नव्या जमिनीवर सरकारनं इथल्या मूळच्या लोकांशी केलेल्या तहांचे जुने नकाशे बसवून पाहिले. खालून त्या मूळच्या लोकांची, डकोटांची, गावं निघाली.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाशी लॉरेन बसायची. ती डकोटा. तिला बोलावलं. ती स्क्रीनवर बोट ठेवून सांगत गेली. इथे गाव. इथे मक्याची शेतं. १८६२ साली गोऱ्यांशी झालेल्या युद्धानंतर तिच्या पणजीला या राज्यातून हाकललं होतं. मी म्हणालो, आमच्या पूजेला ये. तुझ्यासमोर या जमिनीचं नाव घेऊ.

आमच्याकडे तशी सोय आहेच. संकल्प सोडताना आपण कुठे बसलोय ते म्हणायचं असतं. इथले गुरुजी आठवडाभर प्रोग्रॅमर असतात. ते जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीप म्हणतात. अमेरिकेसाठी पुराणातलं बेट सापडतं, पण जिथे बसलोय तिथल्या माणसांचं नाव सापडत नाही. "त्यात डकोटा घाला," मी फोनवर म्हणालो. "घालू की काका, एक शब्दच तर आहे," ते म्हणाले.

अध्यक्षांना ते कळलं होतं.

"खरेदीचं क्लोजिंग झालंय. डीड मंडळाच्या नावावर आहे. आता हे उकरून काढायचं कारण काय?" मग आवाज न चढवता म्हणाले, "तुम्ही लोक जाल तिथे हेच काढता."

तुम्ही लोक.

माझ्या आडनावावरून काही कळत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत त्यांनी गाव विचारलं होतं. मग गावात घर कुठे. मग वडील काय करायचे. मी खोटं सांगितलं होतं. तरीही त्यांनी ओळखलं होतं.

"सोड ना यार, मुहूर्त टळतोय," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

"आणि त्या तुमच्या पाहुण्या बाईंना तिकडे गाड्यांपाशी थांबायला सांगा. प्रसाद तिकडेच पाठवू."

मी गेलो आणि सांगितलं.

लॉरेन निळा, इस्त्रीचा झगा घालून आली होती. हातात तंबाखूची पुरचुंडी. जमिनीला द्यायची त्यांची रीत आहे. मी म्हणालो, धार्मिक विधी आहे, काही नियम असतात. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू मला बोलावलं होतंस," एवढंच म्हणाली आणि चालत गेली.

मी कोण होतो? गावात शिवेचा तंटा झाला की माझ्या आजोबांना बोलावत. महारानं दाखवली ती शीव. दाखवून झाली की आजोबा पुन्हा गावाबाहेर. लहानपणी देवळाच्या पायरीखाली उभं राहून मी ओंजळ धरली आहे. वरून पडेल ते झेललं आहे. हे सगळं अंगावर असताना मी तिला तिकडे पाठवलं.

संकल्प सुरू झाला. क्रौंचद्वीप आलं. डकोटा आलं नाही. गुरुजींनी मान वर केली नाही.

"बाबा, व्हाय इज शी ओव्हर देअर?" माझी मुलगी. इथेच जन्मलेली.

मी खाली घेतलेला नकाशा गुंडाळत राहिलो.

"बाबा, आय ॲम आस्किंग यू."

तेवढ्यात सोवळं नेसलेला एक तरुण शिरा घेऊन गाड्यांकडे गेला. लॉरेननं दोन्ही हात पुढे केले. त्यानं आपला हात उंच धरला आणि शिरा वरून टाकला. शिवू नये म्हणून. निम्मा खडीवर पडला. मुद्दाम केलं नसेल त्यानं. घरी पाहिलं असेल. मुद्दाम केलं असतं तर मला इतका संताप आला नसता.

अध्यक्ष कुदळ घेऊन माझ्यापुढे आले. आता आवाज गोड. "या, नकाशेवाले, एक घाव तुमचाही होऊ द्या."

मी कुदळ घेतली. म्हणालो, "मी महार आहे. माझा हात लागला. आता कुदळ धुणार की जमीन?"

"अहो, असं काय बोलता? इथे अमेरिकेत कोण जात पाळतं?" अध्यक्ष म्हणाले. मी कुदळ त्यांच्या पायांशी टाकली आणि निघालो.

लोक सांगतात ती गोष्ट इथे संपते.

गाड्यांपाशी लॉरेन नव्हती. गवतावर मूठभर तंबाखू ठेवलेली होती. तिनं आपली रीत पाळली होती आणि निघून गेली होती. मी बंड केलं ते माझ्या अपमानाचं. तिचा अपमान करणारा मीच होतो.

सोमवारी तिनं गुड मॉर्निंग म्हटलं. मी स्क्रीनकडे पाहत राहिलो. दोन वर्षांनी ती नोकरी सोडून साउथ डकोटात आपल्या लोकांकडे गेली. मी उपग्रहाच्या नकाशावर तिचं गाव शोधलं. गल्ली शोधली. छप्पर शोधलं. कुठून वळायचं तेही नकाशा सांगत होता. गेलो नाही. पुढे ती वारल्याचं कळलं.

हल्ली इथे समारंभाच्या सुरुवातीला जमीन मूळची कुणाची ते वाचून दाखवतात. टाळ्या होतात. मग चहा. मला बोलावलं की मी विचारतो, त्यांच्यातलं कोण आलंय? कुठे बसवलंय? उत्तर आलं नाही तर मी आत पाऊल टाकत नाही. टाकणार नाही. आणि माझं कौतुक करायला जो उठेल, त्याला तिथेच थांबवून हे ऐकवीन. तिला ऐकवायचं होतं ते.

लॉरेन, त्या गाड्यांपाशी तुला मी उभं केलं. अध्यक्षांनी नाही. मी.