टेबलाखालचा पट्टा

टेबलाखाली ट्रेडमिलसारखा चालायचा पट्टा आहे. ऑफिसचं काम करता करता मी त्यावर चालत राहते. खिडकीतली समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी जागची हलत नाही, मीही नाही.

सासूबाई दाराशी येऊन विचारतात, "निघालीस का गं?"

"नाही आई, इथेच आहे."

तरी त्या थांबतात. आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. ते माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या वळत नाहीत. दिवसभर चालणारं माणूस घरातच आहे, यावर विश्वास तरी कसा ठेवावा?

आज त्या दाराशी आल्या तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, त्यांच्याकडे पाहिलंच नाही. नंतर पट्टा बंद केला, तरी पायांखालची फरशी मागे सरकत होती. स्वयंपाकघरात त्या एकट्याच जेवत होत्या.

"आई, माझं पान?"

परक्या बाईकडे पाहावं तसं त्यांनी पाहिलं.

"सूनबाई गेली," म्हणाल्या. "येते म्हणाली नाही."