बाईंचे दोन धडे

बाईंचा आवाज असा, की भिंतीपलीकडच्या माणसानेही गपकन पाय जुळवून उभं राहावं. पोलिसांच्या नेमबाजीच्या हॉलमध्ये त्यांची उभी हयात गेली. सकाळी नवे शिपाई, संध्याकाळी परवाना काढलेले साधे लोक: सराफ, औषधवाले, पेट्रोलपंपाचे मालक. दोघांनाही शिकवायला बाईच. शिपाई पाठीमागे त्यांना 'तोफ' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

सकाळचा धडा ठरलेला. शिपाई भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि बाई मागून कुठूनतरी अचानक ओरडायच्या, "पिस्तूल!" शब्द कानावर पडला की हात कमरेला. जो मागे राहील त्याची खैर नाही. "अरे, विचार घरी जाऊन कर! आधी हात हलव! इथे विचार करत बसलास, तर घरी बायको रडत बसेल!" ज्याचा हात सगळ्यात आधी जाई, त्याला सगळ्यांदेखत शाबासकी.

संध्याकाळचा धडाही ठरलेला. तेव्हा मात्र तोफेचा आवाज मऊ. "पोलिसाने गाडी अडवली, तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे. आणि लपवाछपवी न करता पहिलंच वाक्य बोलायचं: साहेब, माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. खरं बोलणाऱ्याला पोलीस कशाला त्रास देतील?" हे वाक्य त्या प्रत्येकाकडून घोकून घ्यायच्या.

त्यांचा भाऊही त्यांच्याकडेच शिकला. आईवडिलांमागे बाईंनीच वाढवलेला, म्हणून केस पिकायला लागले तरी धाकटाच. दागिन्यांत खडे बसवणं हे त्याचं काम. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने तांदळाएवढा खडा उचलायचा आणि श्वास रोखून कोंदणात बसवायचा. पेढीवरून माल घरी आणताना एकदा लुटला गेला, तेव्हा बाईंनी हट्टाने त्याला पिस्तूल घ्यायला लावलं. बिचारा त्याला हात लावायलाही बिचकायचा. सीटखाली डब्यात कुलूप घालून ठेवायचा.

आणि एकदा भर दुपारी, मागचा दिवा लागत नाही एवढ्याशा कारणावरून, एका शिपायाने त्याची गाडी अडवली.

बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा त्याच्या उजव्या हाताला हे एवढं मोठं बँडेज होतं. गोळीने दोन बोटं गेली होती. चिमटा धरायची नेमकी तीच दोन! धाकटा एकच सांगत होता, "ताई, मी हात हलवले नव्हते गं. तू सांगितलंस तसंच बोललो. अगदी तसंच."

खोलीच्या दाराशी एक पोलीस बसला होता. बाईंना वाटलं, संरक्षणाला बसवलाय. कसलं काय! धाकट्यावर गुन्हा लावला होता, पोलिसावर पिस्तूल रोखल्याचा. आता काय म्हणावं? कुलूपबंद डब्यातलं पिस्तूल सीटखालून रोखलं होय?

तणतणत त्या चौकीत गेल्या. तिथले मोठे साहेबही एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच म्हणाले, "बाई, चौकशीत एवढंच सांगा, की गोळी झाडणारा पोरगा शिकवल्याप्रमाणे वागला. चांगला पोरगा आहे हो."

"आणि माझा भाऊ? तो तुरुंगात जाईल ना!"

गोळी बरोबर ठरवायची, तर चूक कुणाच्यातरी गळ्यात घालावीच लागते.

मग साहेबांनी शिपायाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. धाकट्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. आवाज शांत, बाईंचीच लकब. "साहेब, माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल..." 'आहे' म्हणायच्या आत धाड! आणि पाठोपाठ त्या शिपायाचा रडवेला आवाज, "बाईंनी शिकवलं तसंच केलं मी... तसंच केलं..."

दोघंही खरं बोलत होते! एवढी वर्षं एकाच हॉलमध्ये, एकाच तोंडाने, एकाला बोल म्हणून शिकवलं आणि दुसऱ्याला तोच शब्द ऐकला की हत्यार काढ म्हणून शिकवलं. हे कधी ध्यानात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. नाही आलं बुवा! सकाळ आणि संध्याकाळच्या मध्ये जेवणाची सुट्टी होती ना!

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे तीन अधिकारी, मध्ये अध्यक्ष. कडेला तो शिपाई, चौकशी होईपर्यंत हत्यार काढून घेतलेला. त्याच्यासमोर धाकटा.

"बाई, हा शिपाई शिकवल्याप्रमाणेच वागला ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

धाकट्याने झटकन बहिणीकडे पाहिलं.

"झालं तर मग," म्हणत अध्यक्ष कागद आवरू लागले. बाईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. आवाज चढवला नाही. संध्याकाळच्या मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "साहेब, माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे."

खाडकन खुर्च्या सरकल्या. तिन्ही अधिकाऱ्यांचे हात कमरेला गेले होते. एकाचं हत्यार अर्धं बाहेर आलं होतं. शिपायाचा हातसुद्धा कमरेशी होता, रिकाम्या जागी. पिकल्या केसांचे अध्यक्ष, बाईंच्या पहिल्या तुकडीतले, आपल्याच हाताकडे बघत राहिले.

"माझे हात कुणी पाहिले?" बाईंनी विचारलं. "एकाने तरी? मी कधी शिकवलंच नाही आधी हात बघायला. पण डोळे तर तुम्हाला देवाने दिले होते! पोराने गोळी झाडली, त्याचा जाब त्याने द्यावा. ती झाडायला शिकवलं मी, माझा जाब मी देते. ह्यात माझ्या भावाचा गुन्हा कुठे आहे, तेवढं मला दाखवा."

अध्यक्षांनी हात कमरेवरून काढला आणि लिहून घेणाऱ्याला म्हणाले, "रोखल्याचा गुन्हा काढून टाका."

बाई भावाकडे वळल्या. धाकट्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. त्याचे दोन्ही हात, बँडेजवालासुद्धा, टेबलावर पालथे पसरलेले होते.

"ताई," त्याने डोळे न उघडता विचारलं, "आता हलवू का हात?"