फुले वरच्या मजल्यावर

निवृत्त शिक्षिकेने सांगायचे ते क्रमाने सांगावे. पण आमच्या संक्रांतवेलीचे किस्से चंदीगडच्या या घरात इतके साचले आहेत की त्यांना क्रम लावतानाच माझा धीर सुटतो. तरी लावते.

ह्यांनी निवृत्तीच्या वर्षी रोप आणले. "थंडीत खिडकीवर नारिंगी पडदा होईल बघ," म्हणाले. नर्सरीवाल्याने बजावले होते, "साहबजी, दीवार से दूर लगाना. भागती है." ह्यांनी भिंतीलगतच लावले. दोन वर्षांत वेल वरच्या मजल्यावर पोहोचली आणि ऊन तिथेच असल्याने फुललीही तिथेच. आम्हाला नुसते खोड! वरच्या ढिल्लन भाभी जिन्यात भेटल्या की म्हणत, "पानी आपका, फूल हमारे. मज़ा आ गया, मैडमजी."

*

मोहालीहून नातू आला. एसीला पडलेला वेलीचा विळखा पाहून म्हणाला, "आजी, कटवा दो ना यार." आजीला यार म्हणत नाहीत, हे मी त्याला समजावले. "ओके, आजीजी," तो म्हणाला. बत्तीस वर्षे वर्ग सांभाळले, इथे हरले.

*

एका सकाळी माळ्याने मला बाजूला बोलावले. "मैडम, साहब को रोकिए. तीसरी बार पानी दे रहे हैं. जड़ गल जाएगी."

मी ह्यांना विचारले. "आज घातलंच कुठे?" असे म्हणून ह्यांनी चौथी बादली भरायला घेतली. त्या दिवशी मी प्रथम घाबरले.

डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या गोष्टी दाखवत राहा. ह्यांना माझ्या बहिणीचे नाव आठवेना; पण वेलीबद्दल रोज विचारत, "फुलली का गं?" म्हणून मी फांद्या खाली वळवून खिडकीच्या जाळीला बांधल्या. यंदा फुले ह्यांच्या डोळ्यांसमोर यायलाच हवी होती.

*

मग दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीपूर्वी कोपरा न् कोपरा साफ होतो. माझ्या आईचा नियम, तोच माझा. मी माळ्याला छाटणी सांगितली. तो म्हणाला, "मैडम, फूल इन्हीं टहनियों पर आएँगे."

"गुलाब छाँटते हैं, तभी खिलता है," मी म्हणाले. शिक्षिकेला कोण अडवणार? त्याने खोड तेवढे ठेवले. वर भाभींच्या गॅलरीला कुलूप होते, म्हणून तिथले वाचले.

संक्रांत गेली. जाळी बोडकीच राहिली. "फुलली का गं?" "उद्या." पुढे ह्यांनी विचारणेही सोडले.

*

फेब्रुवारीत ढिल्लन भाभी स्वतः खाली आल्या. "भाईसाहब को ऊपर ले आओ, मैडमजी."

आम्ही दोघींनी ह्यांना धरून जिना चढवला. गॅलरी नारिंगी झाली होती. हे खुर्चीत बसून एकेक घोस तळहातावर घेऊन पाहत राहिले. कित्येक महिन्यांनी चेहरा निवला होता. मला वाटले, आठवले.

मग ते अदबीने भाभींना म्हणाले, "बेल बहुत सुंदर है जी. एक कटिंग मिलेगी? हमारी मिसेस को बड़ा शौक है."

भाभींनी माझ्याकडे पाहिले नाही. आत जाऊन कात्री घेऊन आल्या.