धुराविना गाडी

खालापूरच्या नाना मास्तरांनी शिकवलं, म्हणून मी आमच्या घरातला पहिला बी.ए. झालो.

कर्जत स्टेशनाबाहेर करवंदं विकणारा एक म्हातारा सांगायचा, "मी पुढल्या काळात जाऊन आलो. तितं गाडीला धूर नाय."

विजेच्या गाडीसाठी मोजणी करणाऱ्या साहेबांचे तंबू त्याच्याच पाड्याशी होते. तिथेच ऐकलं असेल, असं मला वाटलं.

"मग परत का आलात, बाबा?"

"ही तितं नव्हती रं." तो शेजारच्या म्हातारीला पळसाच्या पानाने वारा घालत राहिला.

"तापात बरळला मेला!" म्हातारी हसली.

पुढे मी मास्तरांना लिहिलं, "विजेची गाडी आली. धूर नव्हता. पुढल्या काळात बायको नव्हती म्हणणारा म्हातारा तिचाच हात धरून गाडी पाहायला आला होता. पुरावा त्याच्या विरुद्ध गेला, आणि सर्वांत जास्त तोच हसत होता."