फोटोखालचं नाव

माझ्या आईचं नाव तिच्या लग्नात बदललं. बदललं कसलं, पुसलं! आत्याबाईंनी सुचवलेलं नाव वडिलांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं, आणि पेठ गावच्या मास्तरांची, पुण्यात वसतिगृहात राहून बी.ए. झालेली मुलगी नारायणगावात बियाण्याच्या दुकानामागे भलत्याच नावानं नांदू लागली. वडील सातवी शिकलेले, मनानं चांगले. पण रीत म्हणजे रीत.

दोन हजार साल उलटल्यावर आईच्या कॉलेजनं जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणींचं दालन करायचं ठरवलं. आईनं आपला एकुलता एक फोटो पाठवला. दोन वेण्या, अंगावर साधी साडी, छातीशी वक्तृत्व स्पर्धेची ढाल. खाली माहेरचं नाव लावा, एवढंच तिचं मागणं. मला म्हणाली, "त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं न्हाई गं. भिंतीवर तरी राहू दे."

दालन उघडल्यावर आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. फोटो छान मोठा केला होता. खाली लिहिलं होतं सौ., मग तांदळातलं नाव, मग वडिलांचं नाव आणि आमचं आडनाव. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं या कॉलेजचं फाटकही पाहिलं नाही, त्याचं नाव आईच्या ढालीखाली!

दालनाचं काम पाहणारे सर शांतपणे म्हणाले, "रजिस्टरात ढाल त्या जुन्या नावावर आहे, मान्य. पण त्या याच, याला पुरावा काय? तुमच्याकडून मागवलेल्या रेशनकार्डावर तर हेच नाव आहे."

पुरावा! सुनेचे माहेरचे दाखले जपून ठेवायची पद्धत कुठल्या सासरी होती? शेजारच्या फोटोंत मुलगे होते, ज्याचं त्याचं जन्माचं नाव खाली. त्यांना कुणी रेशनकार्ड मागितलं नव्हतं. नाव काढून घेतलं लोकांनी, आणि जाब द्यायचा आईनं. मी हे सगळं आवाज चढवून बोलले. सर म्हणाले, "ताई, एवढं काय त्यात? बाई त्याच आहेत ना?"

आईनं माझा दंड धरून मला मागे सारलं आणि फोटोतल्या मुलीवर बोट ठेवलं.

"सर, या पोरीचं अजून लग्न झालेलं नाही. तिला सौ. कसं लावता?"

सर म्हणाले, "पुराव्याशिवाय 'अज्ञात विद्यार्थिनी' एवढंच लिहिता येईल."

"लिहा."

"आई, अगं काय बोलतेस!"

"दुसऱ्याचं लावण्यापरीस ते बरं."

सरांनी पट्टी काढली, नवी लिहून लावली. अक्षर मोठं सुरेख होतं. भर सभागृहाला बोलून गप्प करणारी मुलगी तिच्याच कॉलेजनं अज्ञात करून टाकली, आणि तीही आई समोर जिवंत उभी असताना.