आधी दादाच्या लग्नाची कॅसेट

माझ्या दादाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे. मी कॉलेजच्या लॅबमध्ये रोज हेच काम करते. तरी मुकुंदवाडीच्या घरात कॉम्प्युटरसमोर बसायचा मान त्याचाच, कारण तो मोठा.

त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली, तेव्हा मात्र फोन मला आला. मी नवी डिस्क घेऊन धावत गेले. दादासाठी नाही. त्या जुन्या डिस्कवर आईचा आवाज होता.

आईला लकवा झाला आणि तिची वाचा गेली. त्याआधी पाचोडला ती भाकरी थापत असताना मी मोबाइल लावून तिला रेकॉर्ड केलं होतं. त्यात ती शेजारणीच्या शेळीला शिव्या घालते, बाबांच्या आळसाचा उद्धार करते आणि शेवटी माझ्यावर घसरते, "बंद कर गं ते, लई शहाणी झाली!" फाइल मी दादाच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली, आणि तो मोबाइल पुढं बाजारात चोरीला गेला. आईचं बोलणं तेवढ्या त्या डिस्कवर उरलं होतं.

मी दादाला म्हटलं, "ही कधीही मान टाकेल. आधी आईची फाइल घेऊ, एवढीशी आहे. बाकीचं नंतर."

"आधी लग्नाची कॅसेट," दादा म्हणाला. "आईचं काय, ती कुठं पळून चालली?"

वहिनी दारातून बोलली, "माझे काका वारले. त्यांचं तेवढंच हाय त्याच्यात."

कॅसेट म्हणजे डिस्कवर भरलेला दादाच्या अख्ख्या लग्नाचा व्हिडिओ, तुकड्यातुकड्यांनी. त्यात आहेर तर संपता संपत नाही. नाव पुकारलं, टॉवेल-टोपी दिली, फोटो काढला, पुढचे या. आमच्याकडं आहेरात एखादा पाहुणा गाळला तर तो जन्मभर रुसतो, म्हणून व्हिडिओवाला एकालाही कापत नाही. असल्या टॉवेल-टोप्या वाचवायला दादा आईचा आवाज पणाला लावत होता.

मी माउस ओढला. त्यानं माझा हात झटकला.

"हात लावू नको. घर माझं हाय."

"आई तुझ्या एकट्याची नाही," मी ओरडले.

हळदीचा तुकडा नव्या डिस्कवर आला. आहेर रांगत रांगत अर्ध्यावर पोचला आणि टकटक थांबली. डिस्क स्क्रीनवरून गायब झाली. मी वायर बदलली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, काही उपयोग झाला नाही. क्रांती चौकातल्या दुकानदारानंही हात टेकले. दादा म्हणाला, "तू आरडली म्हणून झालं."

मग त्यानं मोठ्या थाटात आतल्या खोलीतून आईची खुर्ची टीव्हीपुढं ओढली आणि वाचलेला हळदीचा तुकडा लावला. त्यात आई होती. हातवारे करत, वहिनीच्या गालाला हळद फासत, तोंडाचा पट्टा चालू. पण व्हिडिओवाल्यानं सगळी बोलणी पुसून वर सिनेमातली गाणी चढवली होती.

आईनं चांगल्या हातानं टीव्हीतल्या आपल्या तोंडाकडं बोट दाखवलं. मग माझ्याकडं पाहिलं. काय बोलत होते गं मी, असं ती विचारत होती. मला माहीत नव्हतं. त्या क्षणी दादाचा गळा दाबावासा वाटला, आणि अजूनही वाटतो.

दादाला वाटलं, तिला नीट ऐकू येत नाही. त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.